तिरका काप

“तुमच्या नवऱ्यानं केलंय हे, परक्यानं नाही!”

असं मी जाऊबाईंना भर शेतात, तोंडावर म्हणाले. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, खाली वाकून मातीतून उपटलेला एक बुंधा उचलला, त्याची मुळं झटकली आणि पुन्हा तिथंच ठेवला. तिथून आमचा अबोला सुरू झाला.

मी बोलले त्यात खोटं काही नव्हतं. बोलायला वेळकाळ बघत जा, असं माझी आई मला लहानपणापासून सांगायची. ती वेळ मला काही आजवर सापडलेली नाही. समोर कालव्याकडची आमची पट्टी पडली होती. सकाळपर्यंत तिथं आमचा आईवाफा उभा होता आणि आता मुळं वर, फांद्या खाली, मधे ओल्या मातीचे ढिगारे. मुळांना धरून राहिलेली माती अजून गळत होती. पट्टीच्या टोकाला ते मशीनचं पिवळं धूड धडधडत उभं होतं आणि आत काचेमागं बसले होते आमचे मोठे भाऊजी, म्हणजे जाऊबाईंचे यजमान. काच खाली करावी, उतरावं, काही बोलावं, छे! नाकासमोर बघत बसले होते.

आईवाफा म्हणजे काय ते आधी सांगते, नाही तर आम्ही एवढ्या का पेटलो ते कळायचं नाही. माळापलीकडे वीज तयार करायची भट्टी आहे. तिला रात्रंदिवस लाकूड लागतं आणि तिचं पोट काही भरत नाही. तिच्यासाठी कंपनीनं गावाच्या जमिनी करारावर घेतल्या आणि त्यांत एकच झाड लावायला सांगितलं. त्याचं खरं नाव लांबलचक आहे, ते फक्त कंपनीच्या मुकादमाला येतं. गाव त्याला पळतं झाड म्हणतं, कारण ते लावलं की बघता बघता डोक्यावर जातं, तोडलं की बुंध्यातून पुन्हा फुटतं. हे झाड बी पेरून करत नाहीत. चांगल्या झाडाच्या फांदीची वीतभर कांडी कापायची आणि मातीत खोचायची. तिला खालून मुळं सुटतात, वरून पालवी. ज्या झाडांच्या फांद्या अशा कांड्यांसाठी घ्यायच्या ती निराळी राखायची, भट्टीसाठी त्यांना हात लावायचा नाही. तो आईवाफा.

पूर्वी घरोघरी आईवाफे होते. कुणी कंटाळून मोडला, कुणी मुकादमाच्या गोड बोलण्याला भुलून. ज्याचा वाफा गेला त्याला कंपनीची रोपं घ्यावी लागतात. ती रोपं दिसायला टवटवीत, पण एका तोडणीत दमतात. बुंधा काही पुन्हा फुटत नाही, मग उभं राहा पुन्हा कंपनीच्या दारात हात पसरून. शेवटी गावात आमचा एकच वाफा राहिला. तो राखला होता जाऊबाईंनी. वाऱ्यात कुठलं झाड मोडलं, कुठल्याला कीड लागली, कुठलं कमी पाण्यात तगलं, हे बघून बघून त्यांनी एकेक झाड त्या वाफ्यात आणलं होतं. शेजारपाजारचे लोकसुद्धा आमच्याच कांड्या न्यायचे. मुकादमाच्या डोळ्यांत तो वाफा सलत होता. सलणारच.

आता भाऊजींचं सांगते. त्यांना गावात कुणी नावानं हाक मारत नाही, होजी म्हणतात. कुणीही काहीही सांगितलं की यांचं आपलं ‘हो जी’. गायरानातून गाडी काढू का? हो जी. आज सुट्टी घेऊ नका. हो जी. कंपनीचं बुंधे उपटायचं मशीन ते चालवायचे. त्या दिवशी मुकादमानं सांगितलं, शेजारचं जुनं रान कालव्यापर्यंत साफ कर. हे हो जी म्हणाले आणि कालव्यापर्यंत साफ केलं. मधे स्वतःच्या बायकोचा वाफा होता, तोसुद्धा.

मी पळत जाऊन मशीनच्या दारावर थाप मारली.

“भाऊजी, काय केलंत हे?”

त्यांनी काच जराशी खाली केली. “मुकादमानं कालव्यापर्यंत सांगितलं होतं.”

“आणि मशीन कशावरून चाललंय ते तुम्हाला दिसलं नाही?”

“दिसलं की,” ते म्हणाले.

दिसलं की! नाही दिसलं असं म्हणाले असते तर मी एखाद वेळी गप्प बसले असते. त्या ‘दिसलं की’नं माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी वळले ती जाऊबाईंवरच घसरले. खरं तर त्या बाईचा त्यात काय दोष? पण भाऊजींवर ओरडणं म्हणजे भिंतीवर ओरडणं. माणसाला राग आला की उत्तर देणारं माणूस लागतं.

तेवढ्यात मुकादम मोटारसायकलवर आला. पट्टीकडे बघून त्यानं जिभेनं चक् चक् केलं.

“अरेरे, वहिनी! चुकून झालं हो. मी सांगितलं होतं एक, यानं ऐकलं एक.”

“काय सांगितलं होतं तुम्ही?” मी विचारलं.

“जाऊ द्या आता. झालं ते झालं. करारात काय आहे, तुम्हाला ठाऊकच आहे. पुढच्या पाहणीला या पट्टीत आईवाफा जिवंत, उभा दिसला तर पट्टी तुमची. नाही दिसला तर आमची रोपं लागतील. मी स्वतः चांगली रोपं बघून पाठवतो, तुम्ही काही काळजी करू नका.”

काळजी करू नका म्हणताना त्याच्या गालावर जी खळी पडली ती मी अजून विसरलेले नाही. उपटलेल्या झाडांचा वाफा पाहणीपर्यंत कुठून उभा राहणार, हे त्यालाही कळत होतं आणि आम्हालाही. जाता जाता त्यानं भाऊजींना सांगितलं, हा सगळा पसारा दुपारी चक्कीवर टाक. चक्की म्हणजे फांद्यांचा चुरा करायचं यंत्र. भाऊजी म्हणाले, हो जी.

मुकादमाची धूळ खाली बसायच्या आत जाऊबाईंनी डोक्याचं फडकं घट्ट बांधलं आणि ढिगातून फांद्या ओढायला सुरुवात केली. बोटाएवढ्या जाडीच्या, सरळ, डोळे भरलेल्या. कांडीवर जिथून कोंब फुटतो त्याला आम्ही डोळा म्हणतो. मीही ओढायला लागले. आमचं ध्यान, म्हणजे माझे यजमान, सायकल घेऊन आलं आणि कॅरिअरवर भारे बांधून घराकडे नेऊ लागलं. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. चक्कीची गाडी यायच्या आत जेवढं वाचवता येईल तेवढं वाचवायचं, हे सांगायची गरजच नव्हती.

आणि इथंच आमच्या घराण्याचा तो जुना वाद आडवा आला.

कांडीला वरचं टोक असतं आणि खालचं टोक असतं. फांदीवर असताना जे टोक आभाळाकडे होतं, ते मातीत गेल्यावरही आभाळाकडेच राहायला हवं, नाही तर कांडी गोंधळते, मुळं धरत नाही. एकदा तुकडे केले की वर कुठलं आणि खाली कुठलं हे पटकन कळत नाही, म्हणून एक टोक सरळ कापतात आणि एक तिरकं. माझ्या माहेरी वरचं टोक तिरकं कापतात, म्हणजे त्यावर पाणी थांबत नाही, कुजत नाही. जाऊबाईंकडे खालचं टोक तिरकं, म्हणजे मातीत सहज घुसतं. मी लग्न होऊन आले त्या पहिल्याच वर्षी यावरून आमचं एवढं वाजलं की सासऱ्यांनी मधे पडून न्याय केला. मोठीनं कापायचं, धाकटीनं लावायचं. म्हणजे राज्य मोठीचं. मी चडफडले आणि मान्य केलं. तेव्हापासून माझ्या बोटांना सवयच झाली. तिरकं टोक हाताला लागलं की ते खाली. बघायचं कामच नाही.

मी चडफडणं मात्र सोडलं नव्हतं. वाफा उपटला गेला त्याच थंडीत जाऊबाईंच्या काही कांड्या वरून काळ्या पडून कुजल्या होत्या आणि मी येता-जाता टोमणे मारत होते. “सरळ कापल्यावर पाणी तुंबणारच. पण आमचं ऐकतो कोण!” असं मी भांडी घासताना म्हणायचे, शेतात म्हणायचे, आमच्या ध्यानाला उद्देशून म्हणायचे. जाऊबाई ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या.

त्या दिवशी त्या पडवीत बसून कापत होत्या. फांद्या उन्हात, कोरड्या वाऱ्यात पडून मलूल झाल्या होत्या, म्हणून प्रत्येक कांडी कापली की त्या घट्ट चिखलाच्या घमेल्यात बुडवत होत्या, आतला ओलावा आत राहावा म्हणून. आमचं ध्यान चिखलानं माखलेल्या मोळ्या माझ्याकडे शेतात आणून टाकत होतं. मी गुडघ्यावर बसून खोचत होते. डोळे चिखलाखाली गेलेले, त्यामुळे डोळ्यांवरून ओळखायचा प्रश्नच नव्हता. तिरकं टोक खाली, अंगठ्यानं माती दाबायची, पुढची घ्यायची. उखडलेली जमीन भुसभुशीत होती, लागवड भराभर झाली. दिवस मावळला तेव्हा पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भरली होती. कंबर मोडून गेली होती, पण मनातल्या मनात मी मुकादमाला चार शिव्या हासडल्या आणि मला बरं वाटलं.

मग घरात सुरू झाला अबोल्याचा कारभार. जाऊबाई माझ्याशी बोलेनात, मी त्यांच्याशी बोलेना आणि त्या भाऊजींशी तर चकार शब्द बोलेनात. मधल्या मधे आमच्या ध्यानाची हमाली सुरू झाली. “तिला सांग, चूल पेटलीय.” “त्यांना सांगा, मला दिसतंय.” भाऊजींचं ताट वाढून उंबऱ्यापाशी सरकवलं जायचं. ते गप्प जेवायचे, ताट धुऊन ठेवायचे आणि मशीनवर जायचे. एवढं होऊनही जायचे! मला तर वाटायचं, ते ताट उचलून त्यांच्या डोक्यावर पालथं घालावं. जाऊबाईंना काय वाटत होतं कुणास ठाऊक. त्या रोज पहाटे अंधारातच पट्टीला पाणी देऊन यायच्या, दुपारी मी जायचे. एकमेकींच्या पाठीच तेवढ्या दिसायच्या.

कोंब दिसायचे दिवस आले आणि कोंब दिसेनात.

मी रोज वाकून बघायचे. कांड्यांची वरची टोकं सुकून सुरकुतायला लागली होती. मातीला ओल होती, ऊनही फार नव्हतं. मग एका दुपारी कालव्याच्या कडेच्या ओळीत, जिथं झिरपणीमुळे ओल जास्त असते, तिथं मला हिरवं दिसलं. मी आनंदानं धावले. जवळ जाऊन बसले, वाकून बघितलं. पाण्यानं चिखल धुऊन गेला होता आणि कांडीवरचे डोळे उघडे पडले होते. सगळे डोळे जमिनीकडे बघत होते. कोंब खालच्या दिशेनं निघाला होता आणि मग वळण घेऊन, मान मुरडून, वर यायची धडपड करत होता.

मी एक कांडी उपटली. दुसरी उपटली. चौथ्या ओळीतली, दहाव्या ओळीतली. सगळ्या उलट्या. अख्खा वाफा डोक्यावर उभा होता.

“जाऊबाई!”

मी पट्टीतून जी हाक मारली ती म्हणे पार चक्कीपर्यंत ऐकू गेली. जाऊबाई धावत आल्या. मी कांडी त्यांच्या नाकासमोर धरली.

“हे बघा! बघा हे काय कापलंय तुम्ही!”

त्यांनी कांडी घेतली, डोळ्यांवरून बोट फिरवलं. मग मातीतून आलेलं तिरकं टोक बघितलं आणि पांढऱ्याफटक पडल्या.

“तिरकं खाली घातलंस?”

“मग कुठं घालणार? इतकी वर्षं तिरकं खालीच घालते! तुमचाच कायदा ना?”

“या खेपेला मी वर तिरकं कापलं होतं.”

“का?”

त्या कांडीवरची माती पुसत राहिल्या.

“अहो, का पण? आयुष्यात कधी कापलं नाहीत ते याच दिवशी?”

“तूच बोंबलत होतीस ना सारखी?” त्या एकदम उसळल्या. “सरळ कापलं की पाणी तुंबतं, कुजतं, कुणी माझं ऐकत नाही! म्हटलं, आता एवढ्याच कांड्या उरल्यात, एकही कुजायला नको. म्हणून कापलं तुझ्यासारखं!”

“मग सांगायचं नाही?”

“तुझ्याशी बोलत नव्हते ना मी!”

इतक्या वर्षांत या बाईनं माझं एकदा ऐकलं आणि तेही मला न सांगता! मला त्यांचा राग आला, माझा आला, सासऱ्यांच्या त्या न्यायाचा आला. मी हातातली कांडी मातीत आपटली.

जाऊबाई तिथंच ढेकळावर बसल्या आणि मग त्यांच्या तोंडातून इतक्या दिवसांचं साठलेलं बाहेर पडायला लागलं. “तू त्या दिवशी खरं तेच बोललीस. म्हणून तर जास्त लागलं. परक्यानं उपटला असता तर मी त्याच्या अंगावर धावून गेले असते. पण आत हा माणूस बसलेला. याच्याच हातून खड्डे खणून घेतलेत मी या वाफ्यात. कुठलं झाड कुठून आणलं ते सगळं याला माहीत. आणि दिसलं की, म्हणतो! दिसत होतं आणि हात थांबला नाही याचा! मेल्याला एकदा तरी कुणाला नाही म्हणता यावं!”

त्या रडत नव्हत्या. रागानं त्यांचा आवाज चिरकत होता. मी शेजारी बसले. मग म्हणाले, “उठा. कोंब फुटायच्या आत उलटून घेऊ. ज्या जगतील त्या जगतील.”

“निम्म्या तरी मरतील.”

“मरू देत. बसून सगळ्याच मरतील.”

आम्ही लागलो. एकेक कांडी अलगद उपटायची, सुकलेलं टोक नखानं बघायचं, आत हिरवं असेल तर सुलटी लावायची, नसेल तर फेकून द्यायची. आता मात्र प्रत्येक कांडीवर आमची तोंडं चालू. “ही वर.” “दिसतंय मला.” “दिसतंय म्हणून तर सांगतेय.” इतक्या दिवसांचं बोलणं तुंबलं होतं, ते असं वाहायला लागलं.

दुपार कलली तेव्हा भाऊजी आले. हाक त्यांनीही ऐकली असणार. बांधावर उभे राहून त्यांनी बघितलं आणि वाकून एका कांडीला हात घालायला गेले.

“धाकटे,” जाऊबाई मान वर न करता म्हणाल्या, “यांना सांग, या मातीला हात लावायचा नाही.”

मी काय सांगणार? ऐकलंच होतं त्यांनी. ते उभे राहिले, मग वळले आणि गेले. मला वाटलं, गेले मशीनवर. पण ते कालव्यावरून दोन घागरी भरून घेऊन आले, बांधावर ठेवल्या आणि पुन्हा कालव्याकडे गेले. जाऊबाईंनी घागरींकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. पाणी हवंच होतं. त्यांनी घागर उचलली. दिवस मावळेपर्यंत भाऊजी खेपा घालत होते. त्या दिवशी मशीन कंपनीच्या आवारात उभंच राहिलं.

कालव्याच्या कडेची ओळ तेवढी राहिली. ती मी उपटायला निघाले तर जाऊबाईंनी माझा हात धरला.

“ती नको. फुटलेलं हलवलं की मरतं.”

“पण ती उलटी आहे! मान बघा कशी मुरगळलीय.”

“मुरगळू दे. फुटलीय ना? राहू दे तिला तशीच.”

त्यावरूनही वाजलं आमचं. शेवटी अंधार पडला म्हणून ओळ राहिली, मी हरले म्हणून नाही.

पाहणीच्या दिवशी मुकादम एकटा आला नाही. मागून कंपनीचा टेम्पो आला, हिरव्यागार रोपांनी भरलेला, दोऱ्यांनी बांधलेला. म्हणजे बघायच्या आधीच ठरवून आला होता. मशीन घेऊन यायला त्यानं भाऊजींनाही सांगितलं होतं आणि ते आलेही होते. वाटेच्या तोंडाशी मशीन उभं करून खाली उतरले होते. बघायला शेजारपाजारचे लोक जमले. आमच्याच कांड्यांवर त्यांची रानं उभी होती, त्यांनाही धाकधूक होती.

आमच्या पट्टीची शोभा काही विचारू नका. उलटून लावलेल्यांपैकी पुष्कळ वाळल्या होत्या. काही ठिकाणी दोन-दोन पानं, काही ठिकाणी नुसताच हिरवा ठिपका. आणि कडेला ती वाकडी ओळ.

“वहिनी, हा वाफा म्हणायचा का?” मुकादम हसत म्हणाला. “काटक्या खोचल्यात नुसत्या.”

“पानं दिसत नाहीत का?” मी म्हणाले.

“पानं काय, तोडून पाण्यात ठेवलेल्या फांदीलासुद्धा येतात. मुळं धरलीत का ते बोला. जिवंत असेल तर ओढून येणार नाही. येईल ती मेलेली. सगळ्यांसमोर बघू, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको.”

त्यानं मुद्दाम वाळक्या निवडल्या. एक ओढली, आली. दुसरी आली. तिसरी आली. प्रत्येक कांडी तो लोकांना दाखवून मागे फेकत होता. मग त्याची नजर त्या वाकड्या ओळीवर गेली आणि तो मोठ्यानं हसला.

“आणि हे काय? मान मोडलेली झाडं! ही तर बोटानं निघतील.”

त्यानं दोन बोटांत कांडी धरली आणि ओढली. आली नाही. त्यानं मुठीत धरून ओढली. माती जरा हलली, कांडी नाही. मग त्यानं पाय रोवले आणि दोन्ही हातांनी हिसका दिला. पानं त्याच्या हातात आली, सालही थोडी सोलून आली, पण कांडी मातीतच राहिली. आमची ती उलटी, मुरगळलेली, मी भांडून उपटायला निघाले होते ती कांडी.

कुणीतरी मागून फिस्सकन हसलं. मुकादमाचा चेहरा लाल झाला. त्यानं पुढची धरली. तीही येईना.

“झालं?” जाऊबाई पुढं आल्या आणि त्यांनी त्याचा हात मनगटापाशी धरून बाजूला फेकला. “तुझंच म्हणणं ना, जिवंत असेल तर येणार नाही? मग आता कशाला ओरबाडतोस? माझी उभी झाडं उपटलीस, वर चुकून झालं म्हणतोस, टेम्पो भरून आणतोस! या कांड्या डोक्यावर उभ्या होत्या, तरी त्यांनी जमीन सोडली नाही. तू कोण आलास आम्हाला इथून काढणारा? जा, घेऊन जा तुझी रोपं. भट्टीत घाल जा, तिला तेवढीच भूक आहे!”

सगळ्यांसमोर चक्क ‘तू’! त्याला आजवर गावात कुणी अरे-तुरे केलं नव्हतं. शेजारीही बोलायला लागले, तुमच्याच परीक्षेला उतरली ना, मग आता काय. मुकादमानं घाम पुसला आणि मग त्याला त्याचं हुकमी पान आठवलं.

“होजी! मशीन आण. सरळ फिरव यावरून. करारात ओळ नाही, वाफा लिहिलाय.”

भाऊजी काय म्हणणार हे सगळ्या गावाला पाठ होतं. ते मशीनच्या बाजूला उभे होते. त्यांनी मुकादमाकडे बघितलं, पट्टीकडे बघितलं आणि मग जाऊबाईंकडे. जाऊबाई त्यांच्याकडे बघत नव्हत्या. त्यांनी त्या वाकड्या ओळीसमोर बसकण मारली होती.

“ऐकू आलं नाही का?” मुकादम ओरडला. “मशीन आण!”

“नाही जी,” भाऊजी म्हणाले.

“काय?”

“नाही जी.”

एवढंच. त्यांनी खिशातून मशीनची किल्ली काढली आणि मुठीत धरून उभे राहिले. मशीन वाटेच्या तोंडाशी, टेम्पो त्याच्या मागं अडकलेला, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय आणि वरची रोपं उन्हात माना टाकायला लागलेली. मुकादमानं धमक्या दिल्या. उद्यापासून कामावर येऊ नकोस म्हणाला, त्यावरही भाऊजींनी नुसती मान हलवली. शेवटी टेम्पोच मागं मागं घेत पार रस्त्यापर्यंत न्यावा लागला. मुकादम त्याच्यामागून गेला तेव्हा त्याच्या गालावर खळी नव्हती. ते बघून मला इतकं गार वाटलं की काय सांगू.

लोक पांगले. भाऊजी हळूहळू पट्टीपाशी आले आणि त्यांनी किल्ली बायकोपुढं धरली. बायकोनं ती घेतली नाही.

“धाकटे,” जाऊबाई म्हणाल्या, “यांना सांग, किल्ली कंपनीला नेऊन द्या नाही तर कालव्यात टाका, मला नको. आणि यांना सांग, माझ्या वाफ्यात बूट घालून उभं राहायचं नाही.”

मी भाऊजींकडे बघितलं. ते तसेच उभे होते. मग त्यांच्या ध्यानात आलं असावं. किल्ली खिशात ठेवून ते खाली बसले, बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट बांधावर ठेवले आणि अनवाणी वाफ्यात येऊन, मुकादमानं ओरबाडलेल्या त्या कांडीभोवतीची माती तळव्यानं दाबायला लागले. जाऊबाईंनी त्यांना हटकलं नाही. बोलल्याही नाहीत. मला विचाराल तर मीही बोलले नसते, इतक्यात तर मुळीच नाही.

उन्हं उतरल्यावर आम्ही घराकडे निघालो. वाटेत माझ्यानं राहवेना.

“जाऊबाई, पुढच्या वर्षी या ओळीच्या कांड्या करायच्या ना?”

“मग? याच तर करायच्या.”

“मग तिरकं वर कापायचं.”

“खाली.”

“कुजतात तुमच्या!”

“आणि तुझ्या उलट्या लागतात!”

घर येईपर्यंत आमचं ते चालूच होतं आणि मागून भाऊजी हातात बूट घेऊन चालत होते.